डाव्या बाजूच्या सुजेचा तीव्र निषेध

तुमच्या आईचं पोट डावीकडे जास्त सुजलंय की उजवीकडे, हे तुम्हाला आत्ता, जागेवरून न उठता, सांगता येईल का? मला येत नव्हतं. तिच्या पोटाबद्दल माझी भूमिका मात्र पक्की होती, आणि ती मी लिहून, छापून फ्रिजवर चिकटवली होती.

आमच्या घरात भूमिका आधी ठरते, प्रकरण मागून कळतं. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात कामाला आहेत आणि कामगारांची पत्रकं लिहायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. बालवाडीत बाईंनी ‘नि’वरून शब्द विचारला तेव्हा बाकीची पोरं निळा म्हणाली, मी निषेध म्हणाले. बोईसरला कुंभवलीच्या वाटेवर आमच्या दोन खोल्या आहेत, आणि त्या दोन खोल्यांत दूध नासलं तरी वडील दूधवाल्याला लेखी कळवतात. दूधवाला ते वाचतो, घडी करून खिशात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तसलंच दूध घालतो.

आई यातलं काही करत नाही. ती डबे करते. परगावाहून आलेल्या एकट्या कामगारांना तिच्या पोळ्या लागतात. तीन बाळंतपणांनंतर तिच्या पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते आणि कातडी खाली लोंबत होती. उन्हाळ्यात त्या घडीखाली पुरळ उठून सोलवटायचं. ओट्याशी तासभर उभी राहिली की कंबर धरायची. शेवटी पालघरच्या एका खासगी रुग्णालयात जाऊन तिने स्वतःच चौकशी केली आणि एका रविवारी जेवताना सांगितलं की ती टमी टक करून घेणार आहे. जास्तीची कातडी काढायची, स्नायू शिवून आवळायचे. पैसे डब्यांचे, म्हणजे तिचेच.

मी पेटले. ‘स्त्रीचं शरीर ही दुरुस्तीला टाकायची वस्तू नव्हे’ या मथळ्याचं पत्रक त्याच दिवशी तयार झालं. आईने कोथिंबीर काढायला फ्रिज उघडण्याआधी ते सगळं वाचलं.

“या पोटात तुम्ही तिघं राहून गेलात,” ती म्हणाली. “आता रिकामी खोली मी आवरून घेतेय. भाडेकरूंनी मत द्यायचं नाही.”

माझे दोन्ही भाऊ बाहेरगावी नोकरीला असल्याने भाडेकरूंच्या बाजूने मी एकटीच उरले होते. वडिलांनी मत राखून ठेवलं. आईने ऑपरेशन करून घेतलं.

ती घरी आली तेव्हा कमरेत वाकून चालत होती, हरवलेली सुई शोधत असल्यासारखी. पोटाला रुंद पट्टा, आणि कडेने निघालेल्या दोन नळ्या, टोकाला डाळिंबाएवढे प्लास्टिकचे फुगे. आतलं पाणी त्यात जमायचं. काही दिवसांनी डॉक्टरांनी नळ्या काढल्या आणि सांगितलं की आता सगळं ठीक आहे, पण काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा.

आम्हाला सगळंच वेगळं वाटत होतं. पोटावर माशी बसली तर आईला कळायचं नाही, कारण तिथली कातडी बधिर झाली होती. पट्टा बदलताना वडिलांनी पहिल्यांदा पोट पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

“बेंबी जागेवर नाही,” ते म्हणाले.

“नवीन जागी बसवलीय. कातडी खाली ओढली ना.”

“कुणाच्या संमतीने?”

“माझ्या.”

वडिलांनी पट्टा आवळायला घेतला. बेंबीच्या स्थलांतराबद्दल त्यांच्याकडे तयार मजकूर नव्हता.

मग एके दिवशी मुरब्याहून येणाऱ्या मावशी दारात टोपली उतरवून बसल्या. त्या आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बोंबील आणि मांदेली घेऊन येतात आणि त्यांना आईपासून काही लपवावं लागत नाही, आईला त्यांच्यापासून लपवता येत नाही. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“वैनी, तुमी अशा वाकड्या का?” मावशी म्हणाल्या. “होडी एका अंगाला कलंडली हाय तुमची.”

“पट्टा तिरका बसलाय.”

“पट्टा नाय, तुमीच तिरक्या.” मग माझ्याकडे वळून, “गो बाय, मीठ गरम कर, फडक्यात बांध, शेक दे आईला. माझ्या सासूला दिलेला. दुसऱ्या दिवशी उठून भांडाय लागली.”

“शेकायचं नाहीये,” आई म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. चटका बसला तरी मला कळणार नाही. भाजत राहील आणि मी गप्पा मारत बसेन.”

“मंग बरंच हाय की. दुखनार नाय.”

दोघी हसल्या, पण आईने हसताना पोट धरलं ते एकाच बाजूने. मी ते पाहिलं आणि त्याचा काहीही अर्थ लावला नाही. तेव्हा मी मावशींच्या टोपलीला बाजारात जागा मिळत नाही या विषयाकडे वळले होते, आणि मावशी मला बोंबील घेतेस की भाषण करतेस असं विचारत होत्या.

दुपारी मी आईला पाणी द्यायला गेले. ती कुशीवर वळली आणि आवाज आला. अर्धी भरलेली कळशी कुणी कमरेवर घेतल्यासारखा.

“काय वाजलं?”

“हंडा.”

“हंडा स्वयंपाकघरात आहे.”

“मग स्वयंपाकघरातून आला असेल आवाज.”

मी पट्ट्याची कड उचलली. डावीकडे पोट पाण्याच्या पिशवीसारखं फुगलं होतं, बोट लावलं की लाट पलीकडे जायची. टाक्यांच्या रेषेजवळ लालसर झालं होतं. तिच्या कपाळाला हात लावला तर तवा.

“कधीपासून?”

“परवापासून. ताप कालपासून.”

“सांगितलं का नाहीस?”

आईने मान वळवली. तिच्या खाटेवरून फ्रिज सरळ दिसतो. “तू म्हणाली असतीस, बघ, मी आधीच सांगत होते.”

मी तसंच म्हणाले असते. पत्रकाच्या शेवटी तशी एक ओळ होतीच. ताप अंगात ठेवून ती दोन दिवस माझ्या एका ओळीला चुकवत होती, आणि तो ताप बरा नाही हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

एवढ्यावर शहाण्या माणसाने फोन उचलला असता. मी वडिलांना उठवलं. ते पहिली पाळी करून येऊन झोपले होते. त्यांनी पोट पाहिलं, चष्मा लावला आणि पेन मागितलं.

“तोंडी सांगितलं की तोंडी उत्तर मिळतं,” ते म्हणाले. “लेखी द्यायचं.”

लाज वाटते ती याची, की मला ते पटलं. आम्ही दोघांनी खाटेच्या पायथ्याशी बैठक घेतली. लेखी द्यावं या बाजूने दोन मतं पडली. आई तटस्थ राहिली अशी नोंद झाली. ती ग्लानीत होती. निवेदनाची सुरुवात अशी होती: ‘रुग्णाच्या डाव्या बाजूस दिवसेंदिवस वाढत चाललेल्या सुजेचा आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो. ही सूज एकाकी घटना नसून ती एका व्यापक दुर्लक्षाचा भाग आहे.’ पुढचं दुर्लक्षाबद्दल होतं. पोट पहिल्या ओळीनंतर परत आलंच नाही. ताप मी घातला होता, पण वडिलांनी तो ‘संतापाची लाट’मध्ये बसवून टाकला.

निवेदन रुग्णालयाच्या व्हॉट्सॲपवर गेलं. थोड्याच वेळात फोन आला. वडिलांनी स्पीकर लावला. पलीकडे रुग्णालयाचे व्यवस्थापक होते, अत्यंत गोड आवाजाचे.

“साहेब, बिलाबद्दल काही गैरसमज झालाय का?”

“प्रश्न बिलाचा नाही. तत्त्वाचा आहे.”

“बरोबर आहे साहेब. जेवणाबद्दल आहे का? आम्ही कंत्राटदार बदलतोय.”

“प्रश्न जेवणाचाही नाही.”

“तुम्ही सोमवारी या ना साहेब. चहा घेऊ, बसून बोलू, काहीतरी मार्ग काढू.”

वडिलांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. “चर्चेला तयार झाले,” ते कुजबुजले. मीही मूठ वर केली. दोन मिनिटं आम्ही जिंकलो होतो.

मागून डुचमळ डुचमळ असा आवाज आला. आई उठून, काटकोनात वाकून, भिंतीला धरत आमच्यापर्यंत आली होती. तिने वडिलांच्या हातातून फोन घेतला.

“दादा, पेशंट मीच आहे. पोटात डावीकडे पाणी साचलंय. हललं की वाजतं. परवापासून आहे. टाक्यांजवळ लाल झालंय, हाताला गरम लागतं. कालपासून ताप आहे.”

पलीकडचा गोड आवाज एकदम साधा झाला. “ताई, हे त्या पत्रात कुठे होतं?”

“नव्हतं,” आई म्हणाली. “सिस्टरांना द्या.”

सिस्टरांनी विचारलं, पोटरी दुखते का, पाय सुजलाय का, धाप लागते का, टाक्यांतून काही वाहतंय का. आईने प्रत्येकाला एका शब्दात उत्तर दिलं. एवढी छोटी वाक्यं आमच्या घरात मी कधी ऐकली नव्हती. आत्ताच्या आत्ता निघा, असं सिस्टर म्हणाल्या.

रिक्षावाला उत्तरेकडचा होता. आईला दोन्ही बाजूंनी धरून बसवताना त्याने विचारलं, “आंटी को क्या हुआ?”

“देखिए, मूल प्रश्न यह है,” वडिलांनी सुरुवात केली.

“पेट में पानी भर गया है,” आई म्हणाली. “गड्ढे बचाके चलाओ.”

“आंटी, गड्ढे बचाऊँगा तो रोड पे उतर ही नहीं पाऊँगा.”

प्रत्येक खड्ड्याला आई वाजत होती. दर वेळी मी तिचा हात घट्ट धरायची आणि ती म्हणायची, “दुखत नाहीये गं, नुसतं वाजतंय.” अर्ध्या वाटेत तिला थंडी भरून आली आणि ती बोलायची थांबली. त्या रस्त्याबद्दल मला सुचलेलं पहिलं वाक्य मी तिथेच सोडून दिलं.

डॉक्टरांनी मोठ्या सुईने पाणी काढलं. सिरिंज भरायची, बाजूला ठेवायची, दुसरी लावायची. आईला सुई कळलीच नाही. वडिलांना मात्र खुर्ची द्यावी लागली. डॉक्टर म्हणाल्या की या ऑपरेशननंतर पाणी साचतं, ते नवल नाही. पण लाली आणि ताप आला की घरी थांबायचं नसतं. आणखी उशीर झाला असता तर पोट पुन्हा उघडावं लागलं असतं. औषधं सुरू झाली. पुढे आणखी दोनदा पाणी काढावं लागलं, मग ते थांबलं.

निघताना डॉक्टर वडिलांना म्हणाल्या, “तुमचं पत्र वाचलं. भाषा चांगली आहे. कुणाला काय होतंय, ते शेवटपर्यंत कळलं नाही.”

“तिसरा परिच्छेद वाचलात का?” वडिलांनी विचारलं.

“त्यात सरकारचं आहे.”

आता आई सरळ उभी राहून पोळ्या लाटते. तत्त्वाचा प्रश्न माझ्यासाठी अजून मिटलेला नाही, आणि आई म्हणते मिटवूही नकोस, तुझं वय आहे. पण माझ्या मतामुळे तिने आजार लपवला, हे मला कुठल्याच परिच्छेदात बसवता येत नाही. म्हणून हे छापून वाटते आहे, आणि यात एकच मागणी आहे. तुमच्या घरात कुणी ऑपरेशन होऊन पडलं असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि त्यांच्याजवळ जा. कुठे सुजलंय, कधीपासून, ताप आहे का, एवढंच विचारा. उत्तर संपेपर्यंत गप्प बसा. मग रुग्णालयाला फोन लावा, आणि तो त्यांच्याच हातात द्या.