पाच घरांचा नंबर

सरवदेबाई कुठलाही नंबर उघडाबोडका लिहीत नसत. रक्तपेढीतल्या त्यांच्या वहीत शिबिराला दोन घरं आणि पिशवीला तीन घरं ठरलेली. पहिल्या शिबिरातली बारावी पिशवी म्हणजे ०१०१२. कपाटाच्या किल्लीलाही त्यांनी ०४ अशी चिठ्ठी बांधली होती. चारच्या वर किल्ल्याच नव्हत्या, तरीही.

मी तिथे कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले. बाई वहीतून वाचायच्या, मी कॉम्प्युटरवर चढवायचे. बाई मूळच्या वैरागच्या. एकतीस वर्षं सोलापुरात काढूनही बोलणं गावचंच राहिलेलं.

"शून्य गाळू नगंस," त्या बजावत. "नंबर म्हंजी पिशवीचं नाव हाय की. अर्ध्या नावानं हाक मारली तर भलताच मानूस वळून बघतो."

मला तो म्हातारपणचा हेका वाटे. कॉम्प्युटर आकड्याआधीची शून्यं आपोआप खाऊन टाकायचा आणि मी खाऊ द्यायचे. एकदा मी शहाणपणा केला. शिबिराचा आणि पिशवीचा आकडा जोडून एकच नंबर बनवला. एक आणि बारा जोडून झाले ११२. अकरा आणि दोन जोडूनही ११२च झाले, हे माझ्या ध्यानात आलं नाही. काही नंबर दोनदा दिसले, तेव्हा दुबार नोंदी समजून मी त्या सरळ काढून टाकल्या. फाईल किती नेटकी झाली म्हणून वर चहा प्यायले.

चारच दिवसांनी, भर दुपारी केम गावचा एक माणूस डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन आला. बायकोचं बाळंतपण, रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह हवं होतं. मी यादी पाहिली आणि शिल्लक नाही म्हणून सांगितलं. पुण्याला विचारा, असंही म्हणाले. तो जागचा हलला नाही.

बाई आतून उठून आल्या. "करकंबच्या, अकराव्या शिबिरात दोन नंबरची पिशवी ओ निगेटिव्ह हुती. मीच लिवलीय."

"बाई, यादीत नाही."

"यादीत नसंल. फ्रिजात बघू."

पिशवी फ्रिजमध्ये होती. ११००२. पण तंत्रज्ञ शेखभाई ती हातात धरून अडून बसले. "तपासण्यांचे निकाल कुठायत? कॉम्प्युटरमध्ये नोंदच नाही. अशी पिशवी मी सोडणार नाही." त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा मला ११२ आठवलं. दुबार समजून मी उडवलेली नोंद हीच होती.

बाईंनी वही उघडली. अकरावं शिबिर, दुसरी पिशवी, सगळे निकाल, समोर डॉक्टरांची सही. शेखभाईंनी बोट ठेवून ओळ वाचली, गट पुन्हा तपासला, बाळंतिणीच्या नमुन्याशी रक्त जुळवायला घेतलं. तेवढा वेळ तो माणूस दारात उभा होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पिशवी हातात पडल्यावर तो धावतच गेला. संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, बाळंतीण वाचली होती.

त्याच संध्याकाळी बाईंनी माझ्याकडून सगळी फाईल दुरुस्त करून घेतली. शिबिराला दोन घरं, पिशवीला तीन घरं, शून्यांसकट. एका शब्दानं रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीच्या साहेबांनी विचारलं, नोंद कुणी उडवली? मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "नोंदींचा वहीशी ताळा करायचं काम माझ्याकडं हुतं सायेब. मी केला न्हाय." त्यांना मेमो मिळाला. बाहेर आल्यावर मी रडू लागले तर म्हणाल्या, "तू कंत्राटी हायेस. उद्या घरी बसवतील. माझं तीन म्हैनं राह्यल्यात, मला काय करनार हायती?"

उद्या जाऊन खरं सांगू, असं मी तीन महिने रोज ठरवलं.

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी बाईंना शाल पांघरवली आणि म्हणाले, "शेवटी शेवटी झालेली एक चूक सोडली, तर बाईंची एकतीस वर्षं निष्कलंक आहेत." बाई मान खाली घालून शालीचं टोक सारखं करत राहिल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.