नागपुरातली स्वस्त खोली आणि आमचा ठणठणीत पेशंट

माझ्या नवऱ्याला आयुष्यात सर्दीपलीकडे काही झालेलं नाही, तरी नागपुरात ते एकदा गंभीर आजारी होते. त्याची सगळी व्यवस्था मी केली होती.

कापसानं आमच्या यवतमाळ जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांतली ही गोष्ट. आर्णीत आमच्या ह्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आणि मी शाळेत मास्तरीण. कापसाला भाव नाही म्हटल्यावर विहिरीवरची मोटार जळाली तरी लोक ती पोत्यानं झाकून ठेवत, आणि आमचे हे दुकानात बसून पेपरातली कोडी सोडवत. त्यामुळे "या सुट्टीत नागपूर!" असं मी पोरांना दोनदा सांगितलं आणि दोन्ही सुट्ट्यांत त्यांना आर्णीच दाखवली. तिसऱ्या मे महिन्यात बंड झालं. पल्लवी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिला चालता जिना बघायचा होता. (त्या जिन्यानं वर जाऊन जीन्स घ्यायची होती, हे नंतर कळलं.) आकाश आठवीतला, त्याला तारांगण बघायचं होतं. ह्यांना काहीच बघायचं नव्हतं. ह्यांना फक्त झणझणीत सावजी मटण खायचं होतं.

प्रश्न एकच होता. उतरायचं कुठं?

"ताईकडे उतरू न," हे म्हणाले.

ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, शकुंतलाताई. माणूस सोन्यासारखा. पण त्यांच्या घरी गेलं की मी एकदम नवी नवरी होते. मी पोळ्या लाटायला बसले की त्या बाजूला येऊन उभ्या राहतात आणि काहीच बोलत नाहीत. (बोलल्या तर परवडेल!)

"तिथं नाही," मी म्हटलं. "दोन मोठाले पोरं घेऊन कोणाच्या घरी जाऊन पडाचं? पल्लवीले आरशासमोर तास लागते. आकाश उभ्या उभ्या अर्धी परात पोळ्या खाते. आपण लॉजवर उतरू."

"लॉज परवडन का आपल्याले?"

"ते माह्यावर सोडा!"

हे वाक्य मी बोलले की आमच्या घरात सगळे घाबरतात. तेव्हाही घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी आकाशला घेऊन एसटीडी बूथवर गेले आणि नागपूरच्या एका लॉजला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, लहान मुलांचं काही लागत नाही. मुलं लहान आहेत ना?"

"अगदी लहान आहेत हो," मी म्हटलं.

त्याच वेळी आकाशनं दारातून विचारलं, "आई, अजून किती वेळ बोलून राह्यली तू?" त्याचा आवाज त्याच महिन्यात फुटला होता. सरळ तमाशातला हवालदार!

"मॅडम," पलीकडचा म्हणाला, "हे लहान मूल काय?"

मी फोन ठेवला. सगळ्याच लॉजवाल्यांचं गणित असं: पोरं पाळण्यात असतील तर फुकट, मिसरूड दिसलं की पूर्ण माणूस. मग आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई देवासारख्या धावून आल्या. "अवं सुनंदा, नागपुरात एक ट्रस्टची जागा आहे न! 'विसावा' म्हणून. पांढऱ्याशुभ्र चादरी, लिफ्ट, चोवीस तास गरम पाणी, खाली जेवण. आणि भाडं म्हणशील तर धर्मशाळेइतकं. आम्ही राह्यलो न मागच्या वर्षी."

मी लगेच फोन करून खोली ठरवली. बाई तिथं त्यांच्या सासूबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी राहिल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी चादरींतच अडकले होते!

प्रवासाच्या दिवशी ऊन असं, की एसटीच्या खिडकीच्या दांडीला हात लावला तर पापड भाजून निघावा. यवतमाळच्या स्टँडवर ह्यांनी मिरची भजी खाल्ली. मी नको म्हटलं, म्हणून दोन प्लेट खाल्ली. वर्धा येईपर्यंत त्या भज्यांनी आपलं खरं रूप दाखवलं, आणि नागपूरला आम्ही उतरलो तेव्हा ह्यांचा चेहरा सोललेल्या दुधी भोपळ्यासारखा झाला होता. डोक्याला ओला दुपट्टा. एका बगलेखाली पल्लवी, दुसऱ्या बगलेखाली आकाश. अशी मिरवणूक 'विसावा'च्या दारात पोचली.

व्यवस्थापक अतिशय सज्जन गृहस्थ. लगबगीनं उठले.

"यावं, यावं. पेशंट हेच काय?"

"हेच!" मी वैतागून म्हटलं. "सकाळपासून पोटात पाणी ठरून नाही राह्यलं."

"अरेरे. कधीपासून आहे हा त्रास?"

"लग्नापासून. ऐकतच नाहीत कोणाचं!"

त्यांनी अपार करुणेनं माझ्याकडे पाहिलं. वयाच्या मानानं मी फार सोसलेलं दिसत होतं म्हणे. लगेच लिफ्टजवळची खोली मिळाली. पांढऱ्याशुभ्र चादरी! पल्लवीनं नळ सोडला, गरम पाणी! मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता बोला. कोणी शोधली जागा?"

तिघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या संसारातला तो सर्वांत सुखाचा क्षण होता. तो ताट येईपर्यंत टिकला.

ह्यांच्यासाठी वेगळं ताट आलं. मऊ भात, बिनफोडणीचं वरण आणि उकडलेला दुधी. ह्यांनी वरणात बोट बुडवून चाटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतं.

"हे सावजी आहे काय व?"

वाढपी म्हणाला, "पेशंटले तिखट बंद असते, काका."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतली आजी आत आली आणि विचारपूस न करता ह्यांच्या कपाळाला अंगारा लावून गेली. पल्लवी पाण्याची बाटली भरून परतली ती रडवेली होऊन. "आई, बाहेर सगळे मले विचारून राह्यले, बाबांचं ऑपरेशन कधी आहे! ही जागा पेशंटच्या नातेवाइकांसाठी आहे, आई! दवाखान्यात आलेल्या लोकांसाठी!"

मी धावत खाली गेले. "अहो, आमच्यात कोणी पेशंट नाही. आम्ही फिराले आलो आहो!"

व्यवस्थापकांनी खुर्ची पुढे केली. "बसा, ताई. सुरुवातीले सगळेच असं म्हणतात."

"अहो, त्यायनं भजी खाल्ली होती!"

"निमित्त काही बी होते, ताई." मग आवाज खाली आणून, "पेशंटले सांगतलं नाही न तुम्ही अजून? समजलो मी. आमच्याकडून कळणार नाही."

मी जितकं हसून सांगावं, तितके त्यांचे डोळे ओले होत होते! खोटं पचवणं सोपं असतं हो, पण खरं कोणी पचवूच देईना. शेवटी मी ठरवलं, सकाळी सामान आवरायचं आणि दुसरी जागा बघायची.

पण सकाळी जिन्यात सलीमभाई भेटले. आर्णीत ह्यांच्या दुकानाला लागूनच त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. आईच्या मोतीबिंदूसाठी आले होते. त्यांना व्यवस्थापकांकडून आधीच कळलं होतं.

"भाभी!" त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "ये क्या हो गया भाईसाब को? परवाच त माह्या गॅरेजमधी चहा पिऊन गेलते!"

"सलीमभाई, काही झालं नाही त्यायले."

"हां भाभी, हां. हिम्मत से रहना." आणि माझं पुढचं ऐकायच्या आत ते एसटीडी बूथकडे गेले. सलीमभाईंचा स्वभाव असा, की दुसऱ्याच्या दुःखात ते स्वतःची मोटरसायकलसुद्धा बाहेर काढतात. त्यांनी आर्णीला फोन केला. आर्णीत बातमी भज्यांतून पोटात गेली, पोटातून आतड्यात, आतड्यातून "काही खरं नाही"पर्यंत. आणि आर्णीतूनच कुणीतरी ती शकुंतलाताईंना कळवली.

इकडे आम्ही बॅगा भरून निघालो, तर फाटकावरचा पहारेकरी इमारतीच्या दारातच आडवा झाला. "पेशंटले उन्हात पायी सोडत नाही. खुर्चीवर न्या."

"अरे बाबा, मी चालतो न!" हे म्हणाले.

"तेच म्हणतो काका मी. आत्ता चालता, मंग पडता."

त्यानं चाकांची खुर्ची आणून दिली आणि तो पुन्हा फाटकावर गेला. हेही वाद घालून थकले होते, बसले बापडे. खुर्ची ढकलायचं काम आकाशनं आपण होऊन मागून घेतलं, तिथंच मला शंका यायला हवी होती. इमारतीच्या दारापासून फाटकापर्यंत लांबच लांब सिमेंटचा उतार होता. आकाशनं उतार पाहिला. मग खुर्ची पाहिली. चौदा वर्षांच्या पोराला एवढंच पुरतं.

"आकाश!" मी ओरडले. "हळू!"

खुर्ची सुटली! बापलेक दोघंही सुटले! ह्यांचा दुपट्टा वाऱ्यावर, मांडीवर आमच्या दोन्ही बॅगा, मागच्या दांडीवर आकाश उभा राहून "बाजू! बाजू!" करतोय, पल्लवीनं तोंड ओढणीत झाकून घेतलेलं ("मी ह्यांच्यासोबत नाही," असं ती एका अनोळखी बाईला सांगत होती), आणि त्याच क्षणाला फाटकाशी ऑटोतून उतरल्या शकुंतलाताई!

एका हातात डबा, दुसऱ्या हातात शहाळं. त्यांनी समोरून खुर्चीत येणारा भाऊ पाहिला.

"माह्या भाऊ व!" त्यांनी हंबरडा फोडला. "कळंबच्या चिंतामणीले नवस बोलली मी! एवढा आजारी, अन् बहिणीले पत्ता नाही!"

पहारेकऱ्यानं खुर्ची धरली. हे उडी मारून खाली उतरले. "ताई, रडू नको! मी बरा आहो!" आणि सिद्ध करायला दोन्ही बॅगा एकदम डोक्यावर उचलून दाखवल्या. व्यवस्थापक दारातून बघत होते. त्यांनी हात जोडले. "आमच्याकडे पेशंट बरे होतात," ते पुटपुटले, "पण इतक्या लवकर कधी झाले नव्हते!"

मग मी सगळं सांगितलं. चित्रकलेच्या बाई, चादरी, भजी, सगळं. ताईंनी आधी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. नंतर माझ्याकडे वळल्या. मी तयार होते. त्या रागावल्या असत्या तर मी उलट बोलले असते. उत्तरं बसमध्येच पाठ केली होती.

पण त्या एवढंच म्हणाल्या, "सुनंदा, माह्या घरी जागा कमी पडली असती काय व? रस्ताभर हा डबा उराशी धरून बसली होती मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून शेजारची आजी मलाही अंगारा लावून गेली. आमची खोली व्हरांड्यात ताटकळत बसलेल्या एका खऱ्या पेशंटच्या घरच्यांना मिळाली. आम्ही ताईंच्या घरी गेलो. ताईंनी ह्यांना रोज सावजी खाऊ घातलं, पोरांना तारांगण दाखवलं, चालता जिना दाखवला. (त्या जिन्यावर पाऊल टाकायला मी एवढा वेळ घेतला, की मागे रांग लागली आणि पल्लवी पुन्हा "मी ह्यांच्यासोबत नाही" म्हणाली.)

सुट्टी संपवून आम्ही आर्णीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अर्धी गल्ली न्यायला आलेली! हे बसमधून उतरले ते काळा चष्मा, नवा चौकड्यांचा शर्ट आणि बहिणीच्या हातचं खाऊन गुबगुबीत झालेले गाल घेऊन. लोक बघतच राहिले.

"वहिनी," शेजारच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "माणूस दहा वर्षांनी लहान करून आणला व तुम्ही! कोणती जागा म्हणता ते? पत्ता लिहून द्या बरं."

मी समजावायला तोंड उघडलं. मग मला व्यवस्थापकांचे ओले डोळे आठवले, आणि मी गुपचूप पत्ता दिला.

तेव्हापासून आर्णीतला कोणताही पेशंट नागपूरला निघाला, की घरचे आधी माझा सल्ला घ्यायला येतात. फिरायला निघालेली माणसं मात्र माझं घर टाळून मागच्या गल्लीनं स्टँडवर जातात.