टिकल्यांवर माझा पहारा

अमरावतीच्या भाजीबाजारात मी, विक्रेता संघटनेचा कार्यकर्ता, त्या दिवशी पहारा करायलाच गेलो होतो. विक्रेत्यांची कोणती मागणी आधी रेटायची, हे मतानं ठरवून घ्यायला अकोल्याहून एक ताई आल्या होत्या. भिंतीवर चार कागद: शेड, पाणी, दिवे, बायांसाठी संडास. प्रत्येकाच्या हाती कपाळाला लावायच्या तीन टिकल्या. जी मागणी पटेल तिच्या कागदावर चिकटवायच्या. मी मनात म्हटलं, बाई निकाल खिशात घालूनच आली असणार. असल्या बैठका मी लय पाहिल्यात. म्हणून कागदांना खेटून उभा राहिलो, एकेकाच्या बोटांवर नजर ठेवून.

शेड जिंकली. संडासाचा कागद कोरा.

निम्म्याहून जास्त बाया बसलेल्या आणि एक टिकली नाही? मी भडकलो. "ताई, घोळ आहे हा! पिशवी दाखवा तुमची."

ताईंच्या आधी वलगावहून मेथी आणणारी मावशीच कावली. "तिच्यावर काहून चिल्लावून राह्यला, भाऊ? कागदापाशी तं तूच ठाणेदारासारखा उभा होता. इकडे माहा सासरा बसला, तिकडे गिऱ्हाईक. यायच्यासमोर तिथं टिकली लावाले उठू मी? पहाटपासून घरी जाईस्तोवर पाण्याचा घोट घेत नाई. आता हेबी बोंबलून सांगू का तुले?"

माझ्या पिशवीत 'शेड आमच्या हक्काची!' अशी पत्रकं होती. आदल्या दिवशीच छापलेली. निकाल खिशात घालून नेमकं कोण आलं होतं?

ताईंनी एक ताडपत्री आडवी बांधून तिच्यामागं नवे कागद लावले, नव्या टिकल्या वाटल्या. एकेकानं आत जायचं, लावून यायचं. मला समोरच्या चहाच्या टपरीवर धाडलं. जाता जाता मी त्यांच्या पिशवीत डोकावलोच. जादा टिकल्या नव्हत्या.

ताडपत्री काढली, तर संडासाच्या कागदावरची अक्षरं दिसेनात, इतक्या टिकल्या. तरी मी दोनदा मोजल्या.

मग एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर तिथंच अर्ज लिहिला. पहिली मागणी, संडास. मोठ्यानं वाचला. मावशीचा सासरा भेंडी निवडत राहिला, पण अंगठा त्यानं उमटवला.

मी मावशीपुढं चहा धरला. तिनं कप माझ्याच हातात परत दिला.

"आधी बांधून आण. मंग पिईन."