केझायाबाईंनी मारलेला नायक

दर गुरुवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत बायका गरिबांसाठी लोकरी परकर शिवत बसत आणि केझाया प्लाउराइटबाई त्यांना कादंबरी वाचून दाखवत. बटणं-फितींचं दुकान चालवणारी ही विधवा मोठी देवभोळी, पण आवाज असा की ऐकताना सुई बोटात घुसली तरी कळू नये. पाद्री टलीसाहेबांची एकच अट होती: पापाला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे. नाहीतर वाचन बंद आणि त्या जागी त्यांची प्रवचनं. म्हणून केझायाबाईंना धाक होता.

आजवर काही अडलं नव्हतं. तीन खंडांतला पापी पहिल्यात पाप करी, दुसऱ्यात मजा मारी, तिसऱ्यात मरे. यंदा मात्र लंडनच्या वाचनालयाकडून आलेल्या पुस्तकांच्या पेटीतून भलताच नायक निघाला. दुसऱ्याची बायको पळवतो, निळ्या चिनी बश्या जमवतो आणि शेवटच्या पानावर गच्चीत बसून पीच खातो. ना खोकला, ना पश्चात्ताप!

बाईंनी वाचनाच्या आदल्या दिवशी शेवट वाचून लगेच देवाची क्षमा मागितली. पण प्रार्थनेच्या मधोमध त्या पीचची मखमली साल आठवली. काय लिहिलं होतं मेल्यानं!

गुरुवारी पीचपर्यंत आल्या, आणि नजर पानावरच ठेवून म्हणाल्या, "तिसऱ्या घासाला त्याच्या छातीत कळ आली..." पुढं अर्धा तास तो मरत होता. बश्याही फुटल्या.

"अगं केझाया, मारू नकोस गं त्याला!" ऐंशीच्या गजनआजी कळवळल्या.

"आजी, पापी होता तो."

"असू दे. आमच्या ह्यांनी जन्मात पाप केलं नाही, आणि जन्मात एक पीचही आणला नाही."

तेवढ्यात दारातून डोळे पुसत टलीसाहेब आत आले. "वा, बाई! द्या तो खंड. रविवारी हाच शेवट चर्चमध्ये वाचतो."

बाईंचा चेहरा पिठासारखा झाला. पण नाही कसं म्हणणार? दोन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. लग्नाच्या झग्याला त्यांनी काळी बटणं विकली.

रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसल्या, पळायला सोपं म्हणून. टलीसाहेब उभे राहिले. हातात पुस्तक नव्हतं.

"घरी विसरलो," म्हणाले, आणि ते मरण तोंडपाठ सांगू लागले. वर पदरची भर घालून नायकाचे दातही पाडले.

प्रार्थनेनंतर दाराशी त्यांनी कागदात गुंडाळलेला खंड बाईंच्या हाती दिला. "फार करुण शेवट," ते छताकडे बघत म्हणाले. "गुरुवारचं वाचन चालू ठेवा. आणि हो, याच लेखकाचं आणखी काही आलं तर आधी माझ्याकडे पाठवा. तपासायला हवं."

घरी येऊन बाईंनी खंड उघडला. शेवटची दोन पानं गोड रसानं चिकटली होती. त्यांनी ती सुरीनं हलकेच सोडवली, जरा हुंगली, आणि पुन्हा गुडघे टेकून देवाची क्षमा मागितली. या खेपेला दोघांसाठी.