खेमराज पाणकराचा ठराव

ग्रामसभेत कोणकोणते विषय निघतात, ते मला विचारा. नाली, घरकुल, हातपंप, आणि फिरून नाली. मी मूळची गोंदियाजवळच्या फुलचूरची. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या या गावात ग्रामसेविका म्हणून आले, तेव्हा एवढीच तयारी करून आले होते. पहिल्याच सभेत शेवटी एक उंच, वाळका म्हातारा उठला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ठराव लिवा. दुसऱ्या देशाच्या भांडनात आपली फौज धाडू नये. अना कोनाच्या फौजेसंगं गठबंधन करू नये.’’

सभेत हशा पिकला. कोणी म्हणालं, ‘‘आधी नालीचं पाहा जी!’’ सरपंच दुर्गेश्वरीबाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या आधीचे ग्रामसेवक अशा वेळी ‘इतर विषयांवर चर्चा झाली’ असं लिहून मोकळे व्हायचे म्हणे. मीही तेच लिहिलं. पण मला चैन पडेना. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, घरचे त्यावरून मला रोज बोलतात. या माणसाला दिल्लीच्या फौजेचं काय पडलंय, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं.

म्हातारा म्हणजे खेमराज. जातीनं कोहळी, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी इकडचे तलाव बांधले त्यांच्यातला. तरुणपणी फौजेत होता, आता गावच्या तलावाचा पाणकर आहे. पाणी कधी सोडायचं, कोणाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, आधी जाईल, हे तो ठरवतो. म्हणजे खरं तर ठरवत नाही, आणि हेच लोकांना खटकतं. तलावाच्या तोंडाला पाणी सोडायचं दार असतं, त्याला इथं तुडूम म्हणतात. खेमराज तुडूम उघडण्याआधी तलावाच्या बांधावर, पारीवर उभा राहून हाक देतो. खालच्या प्रत्येक बाजूचा एकेक शेतकरी वर आल्याशिवाय हात लावत नाही. कोणी बाजाराला गेला असला, तर त्याच्या घरच्या बाईला बोलावतो. लोक चिडतात, ‘‘याच्यानं धानाचे रोवणे लांबून राहिले’’ म्हणतात.

एकदा मी पारीवर जाऊन त्याला सरळ विचारलं, ‘‘तुम्हाला एवढं माहीत असताना लोकांना कशाला गोळा करता?’’

‘‘माहीत हाये म्हनूनच,’’ तो म्हणाला.

‘‘आणि तो ठराव? तुम्ही तर फौजेतले. मग काऊन?’’

‘‘तिकडं होतो ना मी,’’ एवढंच बोलून त्यानं पाण्याकडं तोंड फिरवलं. बाकीचं मला गावातून कळलं. चाळीसेक वर्षांपूर्वी आपली फौज समुद्र ओलांडून शेजारच्या देशात, तिथल्या सरकारच्या बोलावण्यावरून, शांतता राखायला गेली होती, त्यात खेमराजची पलटण होती. त्या देशाचं नाव तो घेत नाही. नुसतं ‘तिकडं’ म्हणतो.

या ऑगस्टच्या सभेआधी त्याची बायको मनकर्णाबाई पंचायतीत आली. तिचे डोळे सुजले होते. त्यांचा मुलगा भूपेंद्र फौजेत हवालदार आहे, तो सुट्टीवर आला होता. मागच्या सभेतलं खेमराजचं बोलणं कोणीतरी मोबाइलवर काढून पसरवलं होतं, ते भूपेंद्रच्या पलटणीपर्यंत पोचलं. ‘तुझा बाप फौजेविरुद्ध बोलतो’ म्हणून त्याला टोमणे खावे लागले.

‘‘पोरगा म्हंते, बाबा औंदा उठले, तं मी सुट्टीले ह्या घरी येनार नाई,’’ मनकर्णाबाई म्हणाली. ‘‘त्याईले बोलू देऊ नोका, मॅडम. माहा एकच पोरगा हाये.’’

मला फार वाईट वाटलं. पण ग्रामसभेत मतदाराला गप्प बसवायचा अधिकार मला नाही, तसं मी तिला सांगितलं. ती निघून गेली, आणि मला माझ्याच नियमांचा राग आला.

सभेला त्या दिवशी गर्दी होती. बापलेकांचं काय होतं ते पाहायलाच अर्धे लोक आले होते, उगाच कशाला खोटं बोलू. भूपेंद्र दाराशी उभा होता, हाताची घडी घालून. विषय संपले. खेमराजनं एकदा मुलाकडं पाहिलं आणि तो उठला.

‘‘बसा जी!’’ मागून एक जण ओरडला. ‘‘फौजेची बदनामी कायले करता?’’

‘‘फौजेची नाई. माही सांगतो,’’ खेमराज म्हणाला. ‘‘तिकडं आमची चौकी एका तलावाच्या पारीवर होती. आपल्यासारखाच तलाव, आपल्यासारखीच पार. मले घरी आल्यासारखं वाटलं. पुसाचा महिना होता, पानी काठोकाठ. अना पार एका जागी पाझरून राहिली होती. मी कोहळ्याचा पोर, मले वाटलं, हे रातच्याले फुटते. गाव वाहून जाईल.’’

‘‘मंग?’’ दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं.

‘‘विचारावं कोनाले? संचारबंदी होती, लोक दारं लावून बसले होते. बोली येत नव्हती. खाली धान हिरवागार दिसला. आपल्याकडं पुसात हिरवा धान म्हंजे उन्हाळी, आत्ताच रोवलेला. त्याले पानी लागलं तं चांगलंच. मी तुडूम उघडून देल्लं. माह्या मनानं मी गाव वाचवलं. पलटनीतले पोरं मले शाबास म्हनत होते.’’

भूपेंद्रनं हाताची घडी सोडली होती.

‘‘सकाळी एक म्हातारा पारीवर आला. मले वाटलं, हात जोडायले आला. त्यानं माह्या पायापाशी धान ठेवला. निसवलेला धान, लोंब्यांसकट चिखलानं भरलेला. तिकडं पाऊस उशिरा येते, जी. आपला धान कोठीत पडते, तवा त्याईचा निसवते. सारा आडवा झाला होता. अना ते पाझरनं त्याईचं बापजाद्यापासूनचं. त्याच्यावर त्याईच्या भाज्या पिकत. म्हाताऱ्यानं हातानं दाखवलं मले. ओरडला नाई, शिवी देल्ली नाई. मी पानी जाननारा मानूस. माह्या गावचं पानी जाननारा. तिकडचं मले काय मालूम?’’

एरवी ही माणसं ज्याच्यावर हसतात, त्याच्यावर मनापासून हसतात. आज कोणी हसलं नाही.

‘‘म्हनून म्हंतो,’’ खेमराज म्हणाला, ‘‘चांगल्या मनानं बी जाऊ नये. बोलावनारा एक राह्यते, ज्याचं शेत बुडते तो दुसराच राह्यते.’’

दारातून भूपेंद्र पुढं आला. तो आता भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. मनकर्णाबाई तर उठून उभीच राहिली.

‘‘बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘त्या गावाचं नाव काय होतं?’’

खेमराजनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला वाटलं, आठवतोय. पण तो आठवत नव्हता.

‘‘हिवाळाभर होतो तिथं,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘नकाशावर नंबर होता. नाव मी कोनाले विचारलंच नाई.’’

भूपेंद्र सतरंजीवर बापाशेजारी बसला आणि माझ्याकडं न पाहता म्हणाला, ‘‘मले ठराव पटला नाई, मॅडम. पन लिवा.’’