गळ्याला हात न लावता

कोणी सर्दीचं नाव काढलं तरी बुवांची बोटं आपल्या गळ्याकडे जायची. मफलर सारखा करत ते बजावायचे, "गळ्याक हात लावपाचो ना!" कोणी लावणार नसायचंच. पण तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी आपली एकच गोष्ट इतकी जपतात की बाकीच्या शरीराकडे त्यांचं लक्षच राहत नाही.

बुवा नार्व्याचे. शेती करायचे आणि आसपासच्या देवळांत भजन म्हणायचे. मी साखळीला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासणारी. ते आमच्याकडे पोटासाठी येत. जेवल्यावर जळजळ, मध्येच कळ, अंगातला सदरा ढगळ झालेला. नळी घालून पोट आतून बघू या, असं डॉक्टर म्हणाले की बुवा चपला शोधू लागत. घशातून नळी गेली म्हणजे आवाज गेला, हे त्यांनी पक्कं धरलं होतं.

मग आमच्याकडे प्रयोग म्हणून लाळेची तपासणी सुरू झाली. सुई नाही, नळी नाही. चूळ भरून थोडा वेळ बसायचं आणि तोंडात जमलेली लाळ छोट्या बाटलीत सोडायची. पोटातल्या जंतूची खूण तिच्यात सापडू शकते, असं मी बुवांना समजावलं.

"जल्मभर गायलों, आतां थुंकपाची परीक्षा!" म्हणत ते इतके हसले की तोंड कोरडं पडलं. शेवटी मी आंबटढाण बिंबलांच्या लोणच्याची गोष्ट काढली, तेव्हा कुठे बाटली भरली.

खूण सापडली. डॉक्टर म्हणाले, "लाळेनं इशारा दिला, बुवा. आत जखम केवढी आहे, ते मात्र डोळ्यांनीच पाहायला हवं."

"म्हणजे नळी आयलीच!" बुवा उठले आणि गेले ते फिरकलेच नाहीत.

पुढे एका सोमवारी मी देवळात भजनाला गेले होते. अभंग रंगात आला आणि बुवा मध्येच पखवाजवाल्याच्या खांद्याला धरून खाली बसले. चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. बुवा सोप्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी बोलायच्या आधीच त्यांची बायको चहाचा कप ठेवत म्हणाली, "तुमचो गळो उरतलो. पण गाणें गावपी उरतलो काय?"

बुवा हळूहळू उठून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तू येशील मगो वांगडा?"

मी सोबत गेले. पणजीच्या इस्पितळात घसा बधिर करून नळी घातली, तपासणी झाली. जुनी जखम होती, त्याहून वाईट काही नाही. गोळ्यांनी बरी होईल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बुवांनी ते ऐकलंच नसावं. ते सूर लावून पाहत होते आणि घशातून नुसती घरघर येत होती. त्यांचे डोळे भरून आले. "थोडा वेळ जाऊ द्या," असं नर्स परत परत सांगत होती.

साखळीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. बस अर्ध्या वाटेवर आली असेल, आणि माझ्या शेजारून अगदी बारीक, स्वच्छ 'सा' आला. मग 'रे'. मग अख्खा अभंगच. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "आजोबा, आनीक एक म्हणात!"

जखम भरली. सदरा अंगाला बसू लागला. नंतर बुवा कोरगावला लेकीकडे राहायला गेले, आणि गेल्या वर्षी पिकल्या वयात, झोपेतच गेले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते काजूच्या दिवसांत. कोरगावच्या डोंगरउतारावर बायका बोंडं वेचत होत्या. बुवा सावलीत बसून एका ओळीची चाल त्यांना सांगत होते, आणि बायका बोंडं पिळवटून बिया काढता काढता, चुकत, हसत ती उचलत होत्या. मी वळणावर थांबले. हाक मारली नाही. ओळ पुरी होऊ दिली.