व्हिडिओ शेवटपर्यंत बघा

न्यूझीलंडमधल्या कुठल्याही मराठी घरात ओट्याखालचं कपाट उघडा, आइस्क्रीमचे रिकामे डबे अंगावर येतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही, टाकवत नाहीत म्हणून साठतात. आमच्या ग्रुपचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. फरक इतकाच, की डबे बघून माझं डोकं फिरत नाही.

आधी माझी बाजू ऐका. लग्नाआधी कंपनीने मला वर्षभर अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे ऑफिसच्या लोकांनी एका रविवारी बेसबॉलच्या मॅचला नेलं. आमची टीम इतकी वाईट हरली, की शेवटी स्टेडियममध्ये आम्ही, शेंगा विकणारा आणि काही म्हातारी मंडळी एवढेच उरलो. ती म्हातारी मंडळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी मी त्या टीमचा झालो तो झालोच. टीमचं नाव सांगत नाही. "ते बास्केटबॉलवाले ना?" हे पुन्हा ऐकायची ताकद आता माझ्यात नाही.

२०१२ साली आम्ही हॅमिल्टनला आलो आणि पुढे तिथल्याच रोटोटुना भागात घर घेतलं. आसपासच्या मराठी मंडळींचा फोनवर एक ग्रुप आहे. पुण्यामुंबईचे आयटीवाले, इंजिनिअर, इथेच शिकून इथेच चिकटलेली मुलं, सगळे त्यात. मी त्यावर आमच्या टीमचे गमतीदार व्हिडिओ टाकायला लागलो. भांडण नाही, राजकारण नाही, दोन-तीन मिनिटांची निखळ करमणूक. माझी अपेक्षा एवढीच, की ग्रुपवरच्या एका माणसाने, फक्त एकाने, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत बघावा आणि त्यावर माझ्याशी बोलावं. हे फार मागणं आहे का, तुम्हीच सांगा.

*

पहिलाच व्हिडिओ मी निवडून टाकला होता. आमचा एक खेळाडू पळत पळत कुंपणावर चढतो, हवेत बॉल पकडतो, तोल जाऊन प्रेक्षकांत पडतो आणि थोड्या वेळाने उगवतो. एका हातात बॉल, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी चिप्सची डिश. चीजसकट, एकही चिप न सांडता.

ग्रुपचा ॲडमिन शिरीष. आमच्या शनिवारच्या क्रिकेट टीमचा कॅप्टनही तोच. त्याचं उत्तर आलं, "बाउंड्रीच्या बाहेर गेला. सिक्स."

मी लिहिलं, "अरे, हा वेगळा खेळ आहे."

"खेळ कुठलाही असो, बाउंड्री ती बाउंड्री."

मग इतरांनी मतं द्यायला सुरुवात केली. कुणी क्रिकेटच्या नियमांच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत माझ्या टीमच्या विरोधात एकमताने सिक्स दिली गेली. ज्या देशात ती मॅच झाली तिथे बॅट्समन कधीच बाद होऊन घरी गेला होता, पण रोटोटुनात तो नाबाद होता.

*

मराठी माणसांना कळत नाही तर नाही, म्हणून मी ऑफिसात प्रयत्न केला. माझा बॉस गॅव्हिन, बारा महिने जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून ऑफिसला येणारा मोकळाढाकळा माणूस. त्याला लिंक पाठवली. "किया ओरा, हेमंत! सॉफ्टबॉल! स्वीट ॲज!" असं खुशीत म्हणून त्याने व्हिडिओ न उघडता मला त्याच्या बहिणीच्या सॉफ्टबॉल टीममध्ये घालून टाकलं. त्यांना एक माणूस कमी पडत होता.

मी गेलो. अमेरिकेत शिकलेला पवित्रा घेऊन उभा राहिलो. समोर बॉल टाकायला गॅव्हिनच्या बहिणीची सासू. नातवंडं असलेली बाई, डोक्यावर उन्हाची टोपी, हात खालून फिरवून बॉल टाकणार. मी मनात म्हटलं, जरा सांभाळून मारू. या खेळात तीनदा हुकलं की बाद. मला तिन्ही वेळा बॉल दिसलाच नाही.

परत जाताना त्या आजी प्रेमाने म्हणाल्या, "गेल्या आठवड्यातल्या माणसापेक्षा तू हीप्स बेटर." गेल्या आठवड्यातला माणूस कोण ते मी विचारलं नाही.

*

ग्रुपवर तक्रारी व्हायला लागल्या म्हणून शिरीषने नियम काढला, की खेळाचे व्हिडिओ फक्त सोमवारी. मी नियम पाळला. पण त्याच ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं आणि उगवता सूर्य येतो त्याचं काय? ते सगळे भारतातून पुढे ढकललेले असतात. तिकडे सकाळ होते तेव्हा आपण इकडे दुपारचा चहा घेत असतो, आणि त्या वेळी या लोकांचं "शुभ प्रभात"! सूर्य उलट्या बाजूला उतरायला लागलेला असतो. त्यावर नियम नाही. त्यावर सगळे हात जोडतात.

*

घरचं सांगायला नको, पण आता सुरुवात केलीच आहे. एकदा मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो आणि दार मागे ओढलं जाऊन लॉक झालं. अंगावर टी-शर्ट, बाहेर पाऊस, बेल बिघडलेली. मंजिरी, म्हणजे माझी बायको, वरच्या मजल्यावर व्हॅक्युम क्लीनर फिरवत होती. फोन खिशात होता म्हणून वाचलो असं मला वाटलं. फोन केला, उचलला नाही. मेसेज पाठवला, "दार उघड." मग, "बाहेर आहे." मग, "भिजतोय."

शेजारच्या बाईंनी खिडकीतून हात केला, मीही केला. आपल्याच घराच्या पायरीवर बसून पावसात हात करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं काय मत झालं असेल ते असो.

शेवटी व्हॅक्युम थांबला आणि मंजिरी खाली आली. मी म्हटलं, "अगं, एवढे मेसेज केले!"

"तुझे मेसेज म्यूट आहेत. मला वाटलं, परत कुणीतरी उडी मारून बॉल पकडला असेल."

कधीपासून म्यूट आहेत, हे मी विचारलं. त्यावर ती टॉवेल आणायला गेली.

*

एकच व्हिडिओ ग्रुपवर गाजला. आमच्या टीमचं शुभचिन्ह म्हणजे मक्याचं कणीस. एक माणूस कणसाचा भलामोठा पोशाख घालून मैदानात नाचतो, गुडघे आत घेऊन, कोपरं हलवत. मला आनंद झाला. निदान सुरुवात तरी झाली असं वाटलं.

पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचा नाच होता. पडदा उघडला आणि बारा-पंधरा पोरं गुडघे आत घेऊन कोपरं हलवायला लागली. तेच कणीस! माझी मुलगी ईरा पहिल्या रांगेत. निवेदिकेने घोषणा केली, "सादर आहे एक आदिवासी नृत्य."

मी ईराला बाजूला घेऊन विचारलं, "हा नाच कुणाचा आहे, माहीत आहे का तुला?"

तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. "ऑफ कोर्स, बाबा. इट्स शिरीष अंकल्स."

शिरीषने बसवला होता. बक्षीसही त्यानेच घेतलं.

*

मग मात्र मला संशय यायला लागला, की हे लोक हल्ली व्हिडिओ उघडतच नाहीत. त्याचा पुरावा आपोआप मिळाला. आमच्या सिंकखालचा पाइप गळायला लागला. प्लंबरला दाखवायला मी त्याचं शूटिंग केलं आणि घाईत ते ग्रुपवर टाकलं. नशीब, तो सोमवार होता.

उत्तरं धडाधड आली. "वा, काय कॅच!" "तुमच्या टीमला तोड नाही." निनाद दिघे, इतका शहाणा इंजिनिअर, त्याने लिहिलं, "शेवट तर एकदम भारी." शेवटी मी ओरडतोय, "मंजिरी, बादली आण."

आणि ग्रुपसाठी ठेवलेला व्हिडिओ गेला प्लंबरला. त्याचं उत्तर आलं, "हा पाइप नाही, मित्रा. पण शॉट झकास आहे. गुरुवारी येतो."

म्हणजे अख्ख्या हॅमिल्टनमध्ये माझा त्या दिवशीचा व्हिडिओ बघितला तो एका प्लंबरने. मला त्याचं कौतुक आहे. पण प्लंबर आपल्या ग्रुपवर नाही. ज्यांच्याबरोबर आपण दिवाळी करतो, ज्यांची मुलं आपल्याकडे जेवतात, त्यांना आपल्या आवडीच्या गोष्टीसाठी दोन मिनिटं नसावीत, याचं मला वाईट वाटतं. राग नंतरचा, आधी वाईटच वाटतं.

*

आता शेवटचा. आमचा जुना पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, डेल. मी अमेरिकेत पहिल्यांदा बघितला तेव्हा पोरगेला होता. मागच्या वर्षी तो रिटायर झाला. त्याच्या निरोपाचा व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला आणि वर स्पष्ट लिहिलं, "आमचा डेल आज रिटायर झाला. शेवटपर्यंत बघा."

व्हिडिओ उघडायच्या आधी जे चित्र दिसतं, त्यात सगळे टोपी छातीशी धरून उभे होते. बाजूला फुलं होती.

शिरीषने लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

एकाने लिहिलं की बाकीचे लिहितात, ही आपली पद्धत. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी घाईघाईने लिहिलं, "अरे, तो जिवंत आहे."

त्यावर निनादचं उत्तर, "आपल्या आठवणींत ते सदैव जिवंत राहतील."

मी फोन उलटा ठेवून दिला. त्यानंतर एकही व्हिडिओ टाकायचा नाही असं ठरवलं, आणि टाकला नाही. कुणी विचारलंही नाही.

मग दसऱ्याचं जेवण आलं. हॉल घेतलेला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन आत शिरतोय, तोच शिरीषने माइक हातात घेतला. "जेवणाआधी एक दुःखद गोष्ट. आपल्या हेमंतला अत्यंत जवळचे असलेले डेल यांचं नुकतंच निधन झालं. आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू या."

सगळा हॉल उभा राहिला. मुलांना गप्प केलं गेलं. मंजिरी माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते आणि ते रडण्याने नव्हे, हे मला माहीत होतं. तोंड उघडावं तर सगळ्यांसमोर शिरीषची शोभा. न उघडावं तर डेल गेला.

पहिल्या रांगेत एक जण बसूनच होती. निनादची आई. निनादचे वडील गेल्यावर तो त्यांना नाशिकहून इथे घेऊन आला होता. त्यांचा नंबर ग्रुपवर होता, पण त्यावर त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांचा फोन फक्त नाशिकला बोलण्यासाठी आहे.

निनाद वाकून म्हणाला, "आई, ऊठ ना. सगळे उभे आहेत."

"मी नाही उठणार," काकू म्हणाल्या. हॉल शांत होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "धडधाकट आहे तो माणूस. शेवटचा बॉल टाकल्यावर त्याची बायको मैदानात आली. धाकट्या मुलीने त्याची टोपी डोक्यावर घातली, ती नाकापर्यंत आली तिच्या. मग त्याने वाकून तिथली माती खिशात घातली आणि रडला. एवढं झाल्यावर तुम्ही त्याला पोचवून मोकळे?"

शिरीषच्या हातात माइक तसाच होता. "काकू, तुम्ही बघितला तो?"

"सगळे बघते. दुपारी घरात असतं कोण?"

काकूंनी मान वळवून मला शोधलं.

"आणि तू रे हेमंत, मध्येच पाठवायचे बंद का केलेस? त्या डेलच्या जागी कुणाला घेतला, काही कळलं नाही मला. तो डावखुरा पोरगा एवढा चांगला टाकतो, त्याला का सारखा बसवून ठेवतात?"

मी श्रीखंडाचं पातेलं शिरीषच्या हातात दिलं आणि काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो.